दारावर खूण तिची

केंब्रिजमधला सेंट जॉन्स स्ट्रीट हा चालायला दोन मिनिटांचा रस्ता. त्या रस्त्यावर काळपट लाल विटांचं एक उंच प्रवेशद्वार आहे. चार कोपऱ्यांना चार बुरूज, मध्ये कमान आणि कमानीच्या वर रंगवलेलं, सोनं चढवलेलं दगडी कोरीवकाम. मधोमध एक ढाल आहे आणि ती दोन्ही बाजूंनी दोन विचित्र प्राण्यांनी तोलून धरली आहे. बोकडाचं तोंड, हरणाचं अंग, हत्तीची शेपूट, अंगभर सोनेरी ठिपके. आपल्या देवळांच्या खांबांवर व्याल असतात, तसाच हा तिकडचा ‘येल’. त्याची शिंगं हव्या त्या दिशेला वळतात अशी जुनी समजूत होती. ढालीच्या एका अंगाला मुकुटाखाली गुलाब, दुसऱ्या अंगाला मुकुटाखाली गडाच्या दारात सोडतात तशी लोखंडी जाळी. आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत फुलं. नीट पाहिलं तर त्यांत डेझीची फुलं ओळखू येतात.

डेझीला फ्रेंच भाषेत ‘मार्गारीत’ म्हणतात. ही फुलं म्हणजे एका बाईची सही आहे. तिचं नाव लेडी मार्गारेट ब्यूफर्ट. येल तिच्या घराण्याचे, जाळी तिच्या घराण्याची, गुलाब तिच्या मुलाच्या ट्यूडर घराण्याचा. कॉलेजला नाव संत जॉनचं आहे आणि संत जॉनचा पुतळाही याच दारावर, सगळ्यांच्या वर, उभा आहे. पण दारावरच्या खुणा त्या बाईच्या आहेत. सेंट जॉन्स कॉलेजची स्थापना १५११ची. पदवीच्या शिक्षणासाठी या दारातून पहिल्या मुली आत गेल्या १९८२मध्ये. मध्ये ४७१ वर्षं गेली, आणि दार उभं राहिल्यापासून ही फुलं त्यावर होतीच. हा लेख त्या दाराचा, त्याच्या आतल्या चौकांचा आणि त्या ४७१ वर्षांचा आहे.

मार्गारेटचा जन्म १४४३चा. इंग्लंडच्या राजघराण्याच्या एका शाखेची ही वारस मुलगी. बाराव्या वर्षी तिचं लग्न एडमंड ट्यूडरशी झालं. वर्षभरातच तो कैदेत प्लेगने गेला, तेव्हा ती गरोदर होती. जानेवारी १४५७मध्ये वेल्समधल्या पेंब्रोक किल्ल्यात तिला मुलगा झाला. तेव्हा तिचं वय तेरा. त्यानंतर तिची आणखी लग्नं झाली, पण मूल झालं नाही. त्या एका मुलाभोवतीच तिचं सगळं आयुष्य फिरत राहिलं. लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत राजगादीसाठी तीस वर्षं यादवी चालली होती. मुलगा चौदा वर्षं परागंदा होता. ती इकडे शत्रूच्या दरबारात राहून, पत्रं पाठवून, पैसे पोचवून, माणसं जोडून त्याची वाट मोकळी करत राहिली. ऑगस्ट १४८५मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड तिसरा मारला गेला आणि मार्गारेटचा हेन्री ‘सातवा हेन्री’ म्हणून गादीवर बसला.

त्याच वर्षी पार्लमेंटने तिच्यासाठी एक कायदा केला. नवरा हयात असतानाही तिची मालमत्ता तिच्या एकटीच्या नावावर, एकटीच्या अधिकारात राहील असं त्यात म्हटलं होतं. त्या काळात लग्न झालेल्या बाईला आपल्या इस्टेटीवर असा हक्क नसे. स्त्रीधनाची कल्पना आपल्याला ओळखीची आहे; पण इथे प्रश्न दागिन्यांचा नव्हता, जहागिरींचा होता. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणना व्हावी इतकी मालमत्ता एका बाईच्या हातात आली. पुढे केंब्रिजमध्ये ज्या विटा रचल्या गेल्या त्यांची किंमत या कायद्यामुळेच चुकती होऊ शकली.

त्या पैशाला दिशा दिली जॉन फिशर या धर्मगुरूने. यॉर्कशरमधल्या बेव्हर्ली गावच्या एका कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा केंब्रिजला शिकला, तिथेच वाढला. विद्यापीठाच्या कामानिमित्त तो दरबारात गेला, तिथे मार्गारेटशी त्याची भेट झाली आणि पुढे तो तिचा खासगी धर्मगुरू झाला. दान मठांना देण्यापेक्षा विद्येला द्यावं, हे त्याने तिच्या मनावर बिंबवलं. १५०२मध्ये तिच्या नावाने धर्मशास्त्राचं अध्यासन सुरू झालं, १५०५मध्ये क्राइस्ट्स कॉलेज उभं राहिलं. मग त्या दोघांची नजर गेली गावातल्या एका मोडकळीला आलेल्या धर्मशाळेवर.

ही धर्मशाळा तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. संत जॉनच्या नावाने चालणारी, आजारी आणि निराधार लोकांना आसरा देणारी. १२८०मध्ये ईलीचे बिशप ह्यू डी बाल्शम यांनी तिथे काही विद्यार्थ्यांची सोय केली. पण धर्मशाळेतले साधू आणि हे विद्यार्थी यांचं पटेना. चार वर्षांनी विद्यार्थ्यांना वेगळी जागा देण्यात आली आणि त्यातून पीटरहाउस हे केंब्रिजचं सर्वांत जुनं कॉलेज जन्माला आलं. म्हणजे केंब्रिजच्या कॉलेजांची सुरुवातच या आवारातल्या भांडणातून झाली. पुढच्या दोनशे वर्षांत धर्मशाळेची पार रया गेली. कर्ज झालं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके साधू उरले. तिथेच नवं कॉलेज काढायचं मार्गारेटने ठरवलं.

पण ठरवणं आणि कागदावर येणं यात अंतर राहिलं. एप्रिल १५०९मध्ये तिचा मुलगा वारला. नातू आठवा हेन्री राजा झाला आणि जूनमधल्या त्याच्या राज्याभिषेकानंतर पाचव्या दिवशी, २९ जूनला, मार्गारेटनेही वेस्टमिन्स्टरमध्ये डोळे मिटले. नव्या कॉलेजसाठीची तिची इच्छा मृत्युपत्राच्या पुरवणीत होती, पण कायदेशीर सोपस्कार पुरे झाले नव्हते. धर्मशाळा बंद करायला ईलीच्या बिशपची संमती हवी होती. तो बिशप म्हणजे तिचाच सावत्र मुलगा जेम्स स्टॅन्ली, आणि तो अडून बसला. इस्टेटीवर वारस म्हणून नातवाने हक्क सांगितला. आजीची जमीन राजाच्या घशात निघाली होती आणि समोर उभा होता एकटा फिशर.

तो मागे हटला नाही. रोमहून पोपची आज्ञा मिळवली, बिशपला नमवलं, मृत्युपत्राची पुरवणी सिद्ध करून घेतली. ९ एप्रिल १५११ रोजी मार्गारेटच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांनी कॉलेजची सनद केली. जमिनी मात्र राजाने पुढे काढून घेतल्याच. त्यांच्या बदल्यात फिशरने केंटमधल्या ऑस्प्रिंजची एक जुनी धर्मशाळा आणि हायम व ब्रूमहॉल इथले जोगिणींचे दोन छोटे मठ बंद करवून त्यांचं उत्पन्न कॉलेजकडे वळवलं. स्वतःच्या खिशातूनही त्याने पैसे घातले. यात एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. हे कॉलेज एका बाईच्या मालमत्तेवर सुरू झालं आणि तगून राहण्यासाठी त्याने बायकांच्या दोन मठांची मिळकत घेतली. ज्यांच्या पैशावर ते उभं राहिलं त्यांच्यासारख्या कुणालाही पुढची साडेचार शतकं आत शिकायला जागा नव्हती.

पहिला चौक १५११ ते १५२० या काळात बांधून झाला. ‘कोर्ट’ हा तिकडचा शब्द. आपल्याला तो वाड्याच्या चौकासारखा डोळ्यांसमोर आणता येईल. केंब्रिजच्या आसपास बांधकामाला चांगला दगड नाही, तो लांबून पाण्याच्या वाटेने आणावा लागे. माती मात्र विपुल. म्हणून भिंती विटांच्या आणि फक्त कोपरे, चौकटी, कमानी दगडाच्या. पूर्वेला रस्त्याकडचं प्रवेशद्वार, उत्तरेला धर्मशाळेच्या जुन्या प्रार्थनामंदिराचीच डागडुजी करून केलेलं नवं मंदिर, पश्चिमेला भोजनगृह आणि स्वयंपाकघर, उरलेल्या जागेत राहण्याच्या खोल्या. या चार बाजूंमध्ये कॉलेज म्हणजे काय ते सगळं आलं. विद्यापीठ परीक्षा घेतं आणि पदवी देतं. पण राहणं, जेवणं, प्रार्थना आणि रोजचं शिकणं हे कॉलेजच्या छपराखाली. प्रमुखाला ‘मास्टर’ म्हणतात आणि कॉलेजचा कारभार चालवणाऱ्या विद्वानांना ‘फेलो’. या फेलोंना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लग्न करायचीही मुभा नव्हती. लग्न केलं की फेलोशिप गेली.

१५१६मध्ये फिशरने कॉलेजचं उद्घाटन केलं. त्याने मंदिरात स्वतःसाठी एक छोटा कक्ष बांधवून घेतला आणि आपली कबरही तयार करून ठेवली. आपला ग्रंथसंग्रह त्याने जिवंतपणीच कॉलेजच्या नावाने केला. मरेपर्यंत वापरायला म्हणून फक्त स्वतःजवळ ठेवला. शिकवणाऱ्या माणसाने आपलं शेवटचं घर कुठे असावं हे असं आधीच ठरवलं होतं.

ते घर त्याला लाभलं नाही. आठव्या हेन्रीला राणी कॅथरीनपासून सुटका हवी होती. फिशरने भर दरबारात राणीची बाजू घेतली, आणि राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख हे मान्य करायला नकार दिला. त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकण्यात आलं. राजाची मर्जी गेलेल्या माणसाशी संबंध दाखवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तरीही सेंट जॉन्सच्या फेलोंनी त्याला तुरुंगात पत्र पाठवून आपली कृतज्ञता कळवली. २२ जून १५३५ रोजी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा ग्रंथसंग्रह जप्त झाला, कॉलेजपर्यंत एकही पेटी आली नाही. कॉलेजच्या मंदिरातली त्याची मानचिन्हं काढायला लावली गेली. कबर रिकामीच राहिली. आजीच्या इच्छेसाठी जो माणूस नातवाशी भांडला त्याचा शेवट त्या नातवानेच केला. पुढे बरोबर चारशे वर्षांनी, १९३५मध्ये, रोमने फिशरला संतपद दिलं.

पहिल्या चौकातून भोजनगृहाच्या बाजूच्या बोळाने पुढे गेलं की दुसरा चौक लागतो. १५९८ ते १६०२ या चार वर्षांत राल्फ सायमन्सच्या देखरेखीखाली तो उभा राहिला. विटांचा रंग इथे गुलाबीकडे झुकतो, खिडक्या एका ओळीत येतात, सगळ्या बाजू एकमेकींशी बोलतात. या चौकालाही पैसे एका बाईनेच दिले. श्रुजबरीची काउंटेस मेरी कॅव्हेंडिश ही ती दात्री. तिची भाची आर्बेला स्टुअर्ट हिच्या अंगात राजरक्त होतं. तिने राजाच्या परवानगीशिवाय लग्न केलं आणि १६११मध्ये पुरुषाचा वेष घेऊन फ्रान्सकडे पळण्याचा प्रयत्न केला. तिला मदत केल्याबद्दल काउंटेसला टॉवरमध्ये डांबण्यात आलं. या चौकाच्या पश्चिमेकडच्या मनोऱ्यावर मेरीचा दगडी पुतळा आहे. १६७१मध्ये तिच्या भाच्याने तो बसवला. म्हणजे विद्यार्थी रस्त्यावरून आत येत तेव्हा मार्गारेटच्या खुणेखालून येत आणि नदीकडे जाताना मेरीच्या पायाखालून जात.

या चौकाच्या उत्तर बाजूला वरच्या मजल्यावर मास्टरसाठी एक लांबलचक दालन बांधलं गेलं. त्याचा आज उरलेला भाग ९३ फूट लांबीचा आहे. छतावर चुन्याच्या गिलाव्यात वेलपत्तीची बारीक नक्षी, भिंतींना लाकडी आवरण. फेलो मंडळी जेवणानंतर इथे बसतात आणि उजेड अजूनही मेणबत्त्यांचा असतो. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ती नक्षी कशी दिसत असेल याचा विचार करूनच कारागिराने ती इतकी उथळ ठेवली असावी.

नदीच्या दिशेने पुढे ग्रंथालय आहे, १६२४चं. नदीकडच्या भिंतीवर हे साल आणि चार रोमन अक्षरं आजही ठळक दिसतात. त्यांचा अर्थ ‘लिंकनचा जॉन, राजमुद्रेचा रक्षक’. हा जॉन म्हणजे बिशप जॉन विल्यम्स. सुरुवातीला त्याने नाव न सांगता पैसे दिले होते. भिंतीने ते उघड केलं. या इमारतीच्या खिडक्या स्थापत्याच्या अभ्यासकांना फार मोलाच्या वाटतात. १६२४ साली टोकदार कमानीची गॉथिक खिडकी जुनी झाली होती, सगळीकडे इटालियन वळणाची बांधकामं येऊ लागली होती. तरी इथे मुद्दाम चर्चची जुनी खिडकीच निवडली गेली, कारण ग्रंथालयाला तीच शोभेल असं जाणत्यांना वाटलं. जुनी शैली नाइलाजाने न वापरता आवडीने निवडल्याचं इंग्लंडमधलं हे फार लवकरचं उदाहरण आहे. आत हेन्री मॅन नावाच्या सुताराने केलेली काळसर ओकची कपाटं आहेत. प्रत्येक कपाटाच्या टोकाला बिजागऱ्या लावलेली छोटी झडप आहे. ती उघडली की आत हाताने लिहिलेली त्या कपाटातल्या पुस्तकांची यादी. फिशरचा संग्रह काढून घेतला गेला त्याला तेव्हा नव्वद वर्षं झाली नव्हती. त्या कॉलेजने पुस्तकांच्या याद्या अशा दार लावून जपाव्यात, याचं मला नवल वाटत नाही.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली, तेव्हा कॉलेज राजाच्या बाजूने होतं. १६४२मध्ये त्याने आपली चांदीची भांडी राजाकडे पाठवली. पार्लमेंटच्या बाजूने लढणाऱ्या क्रॉमवेलच्या शिपायांनी मास्टर विल्यम बील यांना पकडून लंडनला नेलं आणि पहिल्या चौकाचाच तुरुंग केला. मूर्ती फोडणाऱ्यांच्या धाडीत दारावरचा संत जॉन खाली आला. आज दिसतो तो पुतळा राजसत्ता परतल्यानंतरचा, १६६२चा. पायाशी गरुड, हातात विषाचा पेला आणि त्यातून डोकं काढणारा साप. मार्गारेटच्या खुणा मात्र त्या धुमाळीतून वाचल्या.

१६६९ ते १६७२मध्ये तिसरा चौक झाला आणि कॉलेज नदीला भिडलं. दीडशे वर्षांनी त्याने नदी ओलांडली. पलीकडच्या दलदलीत १८२६ ते १८३१ या काळात ‘न्यू कोर्ट’ उभं राहिलं, सुमारे ७८ हजार पौंड खर्चून. वास्तुकार टॉमस रिकमन आणि हेन्री हचिन्सन. इंग्लंडच्या मध्ययुगीन चर्चवास्तूंचे कालखंड पाडून त्यांना नावं देणारा तोच हा रिकमन. आजही विद्यार्थी तीच नावं वापरतात. पांढुरक्या दगडाची, कळसांनी गजबजलेली ही इमारत आणि तिच्या मधोमध जाळीदार मनोरा. लोक तिला लाडाने ‘लग्नाचा केक’ म्हणतात. जुन्या आणि नव्या भागाला जोडणारा बंदिस्त पूल हचिन्सनने केला. व्हेनिसमधल्या पुलावरून त्याला ‘ब्रिज ऑफ साइज’, म्हणजे उसाशांचा पूल, असं नाव पडलं. त्याच्या खिडक्यांना गज आहेत. रात्री दरवाजे बंद झाल्यावर विद्यार्थ्यांनी नदीवरून चढून आत येऊ नये म्हणून ते बसवले.

मग १८६०च्या दशकात कॉलेजने आपलं जुनं मंदिर पाडायचं ठरवलं. तेराव्या शतकातल्या धर्मशाळेच्या भिंती त्यात गुंतलेल्या होत्या. नवं मंदिर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रचलं. ते १८६९मध्ये पूर्ण झालं. मूळ आराखड्यात एवढा मोठा मनोरा नव्हता. हेन्री होअर नावाचे माजी विद्यार्थी पुढे आले आणि मनोऱ्यासाठी दरवर्षी हप्त्याने मोठी रक्कम देण्याचं त्यांनी कबूल केलं. दोन हप्ते दिले आणि एका रेल्वे अपघातात ते दगावले. काम तर सुरू झालं होतं. उरलेला भार कॉलेजने उचलला. १६३ फुटांचा तो मनोरा आज गावाच्या कुठल्याही टोकावरून दिसतो. १९०२पासून दरवर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी गायकवृंद त्याच्या माथ्यावर चढून गातो.

जुन्या मंदिराची जागा पहिल्या चौकाच्या हिरवळीत आखून ठेवली आहे. पायाच्या रेषांवरून ते किती अरुंद होतं ते कळतं. आतल्या काही गोष्टी मात्र नव्या मंदिरात हलवल्या. त्यात ह्यू ॲश्टनची कबर आहे. मार्गारेटच्या घरचा हा हिशेबनीस आणि मृत्युपत्राचा एक विश्वस्त. कबरीवर वर सजलेला ॲश्टन आहे आणि खाली त्याच माणसाचं सुकलेलं कलेवर. कडेच्या नक्षीत एका पिंपातून उगवलेलं झाड दिसतं. ‘ॲश’ म्हणजे ते झाड, ‘टन’ म्हणजे पिंप. मार्गारेटने डेझीत आपलं नाव ठेवलं, तिच्या हिशेबनिसाने झाडात. फिशरच्या रिकाम्या कबरीच्या वाट्याला असं काही आलं नाही.

या भिंतींच्या आत घडलेल्या माणसांची यादी लांब आहे. कवी वर्ड्‌सवर्थ इथे स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत राहिले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स आणि टॉमस क्लार्कसन दोघेही इथले. नेपच्यून ग्रहाचं गणित मांडणारे जॉन काउच ॲडम्स इथलेच. पण एकोणिसाव्या शतकात सेंट जॉन्सचा खरा अभिमान होता गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेवर. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणत. पूर्वी ही परीक्षा तोंडी वादविवादातून होई, म्हणून वाद घालणारा तो रँग्लर. सगळ्यांत पहिला आला तो ‘सीनियर रँग्लर’. त्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून येई.

१८९० साली सीनियर रँग्लर ठरले सेंट जॉन्सचे जेफ्री बेनेट. पण निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये मुलांची यादी वाचून झाल्यावर मुलींची यादी वाचली गेली. मुलींना परीक्षेला बसता येई, त्यांचे गुण वेगळे सांगितले जात, पदवी मात्र मिळत नसे. त्या यादीत पहिलं नाव होतं न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचं आणि त्यापुढे शब्द होते, सीनियर रँग्लरच्या वर. म्हणजे सगळ्यांत जास्त गुण तिला होते. मान मात्र बेनेट यांचा, कारण तो मान मुलींसाठी नव्हताच. सात वर्षांनी, मे १८९७मध्ये, मुलींना पदवी द्यावी का यावर विद्यापीठात मतदान झालं. सिनेट हाउससमोरच्या इमारतीवरून सायकलवर बसलेल्या एका बाईचा पुतळा विद्यार्थ्यांनी लटकवला होता. ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला आणि जमावाने त्याचा जल्लोष केला.

त्या वर्षी सेंट जॉन्समध्ये दापोलीजवळच्या मुर्डी गावचा एक विद्यार्थी गणित शिकत होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांनी त्यांना शिक्षणासाठी आधार दिला होता. फर्ग्युसन कॉलेजात शिकून, सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते १८९६मध्ये इथे आले. जून १८९९मध्ये निकाल लागला तेव्हा सीनियर रँग्लर म्हणून दोन नावं बरोबरीने वाचली गेली. पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल आणि सेंट जॉन्सचे परांजपे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्यामुंबईत आनंदाला पारावार राहिला नाही. कॉलेजने त्यांना फेलो केलं. ते इंग्लंडमध्ये राहिले नाहीत. १९०२मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशकं ते काम केलं. ‘रँग्लर’ हा तिकडचा शब्द आपल्याकडे त्यांच्या आडनावाआधी कायमचा चिकटला.

परांजप्यांना एकच मूल, शकुंतला. तीही गणित शिकायला केंब्रिजला गेली. वडिलांच्या कॉलेजात तिला जागा मिळणं शक्य नव्हतं. ती न्यूनमला राहिली आणि १९२९मध्ये ट्रायपॉस झाली. तोपर्यंत विद्यापीठ मुलींना पदवीचं नुसतं नाव द्यायला लागलं होतं, पदवीधराचे अधिकार नाहीत. ते मिळाले १९४८मध्ये. शकुंतलाबाईंनी पुढे ‘कुंकू’ चित्रपटात काम केलं आणि कुटुंबनियोजनासाठी आयुष्य वेचलं. ते काम त्या वेळी उघडपणे करणं किती अवघड होतं हे वेगळं सांगायला नको. बापलेकीचं हे उदाहरण मला वारंवार आठवतं. वडिलांच्या बाबतीत जात, रंग, देश, गुलामी यांतलं काहीही त्या लाल दाराला अडचणीचं वाटलं नाही. त्यांना त्याने डोक्यावर घेतलं. मुलगी असणं मात्र त्या दाराला अडचणीचं वाटत होतं, आणि त्याच दारावर एका बाईच्या नावाची फुलं होती. मार्गारेटचं ब्रीदवाक्य फ्रेंच भाषेत होतं. त्याचा अर्थ ‘मला वारंवार आठवतं’. तिच्या पैशावर वाढलेल्या संस्थेला ते आठवायला फार वेळ लागला.

विसाव्या शतकात इथे पॉल डिरॅक आणि फ्रेड हॉइल फेलो होते, अब्दुस सलाम शिकले, मनमोहन सिंग यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. नदीपलीकडे क्रिप्स बिल्डिंग ही नवी इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरचं जग एकेक करत या चौकांत शिरलं. मुली शेवटी शिरल्या. आज बदल भराभर होताना दिसतात. १९८०च्या दशकात इथेच शिकलेल्या हेदर हॅन्कॉक २०२०मध्ये मास्टर झाल्या, कॉलेजच्या पहिल्या महिला मास्टर. २०२२पासून गायकवृंदात मुली आहेत.

पण या सगळ्यांपेक्षा मला ऑक्टोबर १९८२ महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात पदवीच्या शिक्षणासाठी पहिल्या मुली सामान घेऊन या दारातून आत आल्या. नियम बदलावे लागले, खोल्यांची व्यवस्था बदलावी लागली, स्नानगृहं बदलावी लागली. दारावर मात्र कोणाला काही बदलावं लागलं नाही. तिथली खूण पहिल्यापासून तिचीच होती.